अकरा जणींचा एक चेहरा : आकडेवारीतून चित्र कसं उभं राहतं?

गौरी जेवल्या त्या दिवशी आमच्या घरी अकरा बायका होत्या. शहाऐंशी वर्षांच्या सासूबाईंपासून सातवीत शिकणाऱ्या नातीपर्यंत. पुतण्यानं प्रत्येकीला खिडकीजवळ उभं करून समोरून एकेक फोटो काढला, आणि रात्री आरती झाल्यावर लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर एक बाई होती. गव्हाळ, शांत, तिशी-पस्तिशीची, कातडीवर एक डाग नाही. आमच्यापैकी कुणीच नव्हे, तरी आमच्याच घरातली.

सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "ही कोण गं? वळखीची वाटतीया." पुतण्या म्हणाला, "आजी, तुम्ही सगळ्या जणी मिळून आहात ह्यात." त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं, स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग माझं गोंदण कुठं गेलं?"

त्यांच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेले. चित्रातल्या बाईच्या हनुवटीवर काहीच नव्हतं.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण सरासरीबद्दल इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. सध्या ज्याच्या त्याच्या मोबाईलवर यंत्रानं बनवलेले चेहरे येतात. कुणी स्वतःचा फोटो जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखा करून घेतं, कुणी जगात नसलेल्या माणसाचा फोटो पुढे पाठवतं. हे होतं कसं, त्याला कला म्हणायचं का आणि त्यात काळजीचं काय आहे, हे सगळं सासूबाईंच्या त्या प्रश्नावरून समजावता येतं.

चेहऱ्याचे आकडे होतात कसे?

मोबाईलमधला फोटो जवळ जाऊन, खूप मोठा करून पाहिला तर बारीक चौकोन दिसतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक चौकोनाला एक आकडा असतो. ० म्हणजे मिट्ट काळा, २५५ म्हणजे पांढराफेक, मधले सगळे करडे. शंभर बाय शंभर चौकोनांचा छोटासा फोटो म्हणजे दहा हजार आकड्यांची यादी. यंत्रापुढे चेहरा येतो तो असा. नाक, डोळे, माया, राग यातलं काही त्या यादीत लिहिलेलं नसतं.

दूध संस्थेत रोज सकाळी हेच चालतं. म्हैस कोणती, तिला काय घातलं, धार कुणी काढली, हे काही मशीनला कळत नाही. त्याला कळतात दोन आकडे, फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे तो सोडून उरणारे घन पदार्थ. त्यावर दर ठरतो. दूध दोन आकड्यांत बसतं, चेहऱ्याला दहा हजार लागतात, एवढाच फरक.

सरासरी चेहरा

आता अकरा फोटो घ्यायचे. सगळ्यांचे डोळे एकाच जागी येतील असे ते बसवायचे आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी काढायची. सासूबाईंच्या हनुवटीवर गोंदणाच्या जागी आकडा आहे, समजा, ६०. बाकी दहा जणींच्या हनुवटीवर तिथे नितळ कातडी आहे, समजा १८०. बेरीज १८६०, भागिले ११, उत्तर १६९. म्हणजे १८०च्या जागी १६९. हा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही. गोंदण कुणी पुसलं नव्हतं, ते अकरात वाटलं गेलं होतं.

संगणक यायच्या कितीतरी आधी, १८७८ मध्ये, इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गाल्टननं हेच कॅमेऱ्यानं केलं. एका फोटोची नक्कल काचेवर उमटायला ८० सेकंद लागत असतील आणि फोटो आठ असतील, तर प्रत्येक फोटो त्याच काचेवर दहा-दहा सेकंद दाखवायचा. सगळ्यांत जे समान असेल ते ठळक उमटतं, एकट्यादुकट्याचं असेल ते विरून जातं. अशा चित्राला आपण संयुक्त चित्र म्हणू.

दुधाच्या टँकरचं असंच असतं. गावातल्या सगळ्या किटल्या त्यात रिकाम्या होतात. गाईचं दूध साडेतीन फॅटचं आणि म्हशीचं साडेसहाचं सारख्याच मापानं मिसळलं तर टँकरचं फॅट येईल पाच. आकडा अगदी बरोबर असतो, पण त्या पाचाचं जनावर कुठल्याच गोठ्यात बांधलेलं नसतं. टँकरमधलं दूध परत ज्याच्या त्याच्या किटलीत वाटून देता येत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग तो चेहरा देखणा का दिसतो?

हा प्रश्न आमच्या घरात त्याच रात्री निघाला. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या सगळ्यांपेक्षा ही बरी दिसते." त्यांचं निरीक्षण खरं आहे. १९९० मध्ये लँगलॉइस आणि रॉगमन या दोन संशोधक बायकांनी संगणकावर ४, ८, १६ आणि ३२ चेहऱ्यांची संयुक्त चित्रं करून लोकांना दाखवली. १६ आणि ३२ चेहऱ्यांची चित्रं सुट्या चेहऱ्यांपेक्षा लोकांना जास्त आवडली. कारण उघड आहे. मुरूम, व्रण, सुरकुती हे प्रत्येकीचं वेगवेगळ्या जागी असतं, म्हणून सरासरीत मुरतं. एकीचा डावा डोळा बारीक, दुसरीचा उजवा, तर बेरजेत दोन्ही सारखे होतात. ते देखणेपण म्हणजे खरं तर खुणा नसणं आहे.

एका चेहऱ्याचा पत्ता

सरासरी चेहऱ्यात माणूस हरवतो, तर तो परत सापडेल कसा? त्यासाठी आमच्या कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या नाहीतर पापाच्या तिकटीच्या कुंभार गल्लीत, श्रावणात चालू असलेल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात चला. साच्यातून मूर्ती निघते ती सगळी एकसारखी. मग कारागीर इथे माती चढवतो, तिथे उतरवतो, सोंड जरा वळवतो, आणि त्याच साच्यातून वेगळा गणपती उभा राहतो. साचा आणि त्यावर काय-काय किती चढवलं-उतरवलं याची यादी जवळ असेल, तर तीच मूर्ती दुसरा कारागीरही करू शकेल.

संगणकाचा साचा म्हणजे सरासरी चेहरा. त्यावर चढवायच्या-उतरवायच्या गोष्टी तो स्वतःच शोधून काढतो. शेकडो चेहऱ्यांत काय-काय एकत्र बदलतं हे तो पाहतो आणि त्याची ठरावीक चित्रं तयार करतो. त्यांना आयगनफेस म्हणतात. जर्मन भाषेत आयगन म्हणजे स्वतःचं, अंगचं. आपण त्यांना छटा म्हणू. धुरात उमटलेल्या मुखवट्यांसारख्या त्या दिसतात. गंमत अशी की पहिल्या काही छटा बहुतेक वेळा चेहऱ्याच्या नसतातच. उजेड डावीकडून होता की उजवीकडून, एवढंच त्या सांगतात.

या मागचं गणित कार्ल पिअर्सननं १९०१ मध्येच मांडलं होतं. १९८७ मध्ये सिरोविच आणि कर्बी यांनी ११५ चेहऱ्यांवरून दाखवलं की साधारण ४० छटा पुरतात. त्यातली कुठली किती चढवायची याचे ४० आकडे दिले की चेहरा जवळजवळ जसाच्या तसा उभा राहतो. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलंड यांनी तेच आकडे माणूस ओळखायला वापरले. म्हणजे हजारो आकड्यांचा चेहरा चाळीस आकड्यांच्या पत्त्यावर आला. नुसती सरासरी असेल तर माणूस हाती लागत नाही, पण त्याचा पत्ता असेल तर लागतो. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच.

आकड्यांना चेहरा देण्याची उलटी वाट

याच्या उलट वाटेनं हर्मन चेर्नॉफ हा संख्याशास्त्रज्ञ गेला. माणूस आकड्यांचे तक्ते पाहून कंटाळतो, पण चेहऱ्यातला बारीकसा फरक त्याला लगेच कळतो. मग आकड्यांचेच चेहरे का काढू नयेत? १९७३ मध्ये त्यानं भुवयांचा कल, डोळ्यांतलं अंतर, तोंडाचा वाक अशा १८ गोष्टींना एकेक माप जोडून दिलं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांचे असे बारा चेहरे काढा. पाऊस म्हणजे डोळ्यांचा आकार धरला तर गगनबावडा टपोऱ्या डोळ्यांचा आणि शिरोळ मिचमिच्या डोळ्यांचा दिसेल. पण तोंडाचा वाक कशाला जोडायचा? दरडोई उत्पन्नाला जोडला तर गरीब तालुका रडका दिसेल, आणि पाहणाऱ्याला तिथली माणसंच रडकी वाटतील. तो वाक आकड्यांतून आलेला नसतो, काढणाऱ्यानं दिलेला असतो. म्हणूनच ही चित्रं मला तक्त्यापेक्षा कलेच्या जास्त जवळची वाटतात.

जगात नसलेल्या माणसाचा फोटो

आता मोबाईलवरच्या चेहऱ्यांकडे येऊ. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत काढली. तिच्यात दोन यंत्रं एकमेकांसमोर बसवतात. आपल्या गुजरीतलं, म्हणजे सराफ बाजारातलं उदाहरण घेऊ. एक जण नकली दागिने घडवतो. त्यानं खरा दागिना कधी हातातसुद्धा घेतलेला नाही. समोर सराफ बसलाय, त्याच्याकडे खरे दागिने आहेत. तो फक्त सांगतो, हा खरा वाटतो, हा खोटा. घडवणारा चुकतो, सुधारतो, पुन्हा चुकतो. सराफाची नजरही रोज तयार होत जाते. लाखो फेऱ्यांनंतर सराफालाच ओळखेना झालं की काम झालं.

२०१८च्या अखेरीस एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी या पद्धतीनं जे यंत्र शिकवलं, त्याच्या सराफापुढे माणसांचे ७०,००० फोटो होते. पुढच्या फेब्रुवारीत एक संकेतस्थळ निघालं. तिथे दरवेळी एक नवा, जगात नसलेला माणूस दिसायचा. आजची बरीच साधनं वेगळ्या पद्धतीनं चालतात. जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तशा गोंधळापासून ती सुरुवात करतात आणि थोडी-थोडी धूळ पुसत चेहऱ्यापर्यंत येतात. पण मूळ भांडवल तेच, हजारो-लाखो खऱ्या माणसांचे फोटो.

"यात कला कुठे आली? बटण तर दाबायचं!"

ज्या गावात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यासारखे चित्रकार होऊन गेले, तिथे हा आक्षेप येणारच, आणि यायलाच हवा. मला त्याचं उत्तर व्यक्तिचित्रातच सापडतं. चित्रकार माणसाला समोर दोन-तीन तास बसवतो. तेवढ्या वेळात तो माणूस कंटाळतो, हसतो, कुठल्या तरी आठवणीत हरवतो, पुन्हा भानावर येतो. कॅनव्हासवर उतरतो तो यातल्या कुठल्याच एका क्षणाचा नसतो, त्या सगळ्या क्षणांतून निवडलेला असतो. म्हणजे चित्रकारही मिसळतच असतो, फक्त तो एकाच माणसाचे अनेक क्षण मिसळतो. त्यातलं काय जास्त घ्यायचं, काय सोडायचं, तिथे त्याची कला असते.

नॅन्सी बर्सन या अमेरिकन कलाकार बाईंनी १९८२ मध्ये संगणकावर एक चेहरा केला. त्यात अण्वस्त्रधारी देशांचे पुढारी मिसळले होते, पण सारखे नव्हेत. ज्याच्या देशाकडे जितकी अण्वस्त्रं, तितका त्याचा वाटा. अमेरिकेचे रेगन ५५ टक्के, सोव्हिएत संघाचे ब्रेझनेव्ह ४५ टक्के, आणि ब्रिटनच्या थॅचर, फ्रान्सचे मितराँ, चीनचे डेंग यांचा प्रत्येकी एक टक्क्याहून कमी. त्या एका चेहऱ्यात त्या काळचं सगळं जग दिसतं. गणित आमच्या पुतण्यानं केलं तेवढंच सोपं. कला त्या टक्क्यांत आहे.

याच्या तुलनेत २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात ४,३२,५०० डॉलरना विकलं गेलेलं एडमंड द बेलामी नावाच्या काल्पनिक गृहस्थाचं चित्र मला हलकं वाटतं. पॅरिसच्या ऑब्व्हियस या गटानं चौदाव्या ते विसाव्या शतकांतली १५,००० व्यक्तिचित्रं यंत्राला दाखवून ते काढून घेतलं आणि खाली सहीच्या जागी सूत्र छापलं. तीच व्यक्तिचित्रं का घेतली आणि त्यात कोण नव्हतं, हा प्रश्न त्या चित्राला पडलेलाच नाही. ट्रेव्हर पॅग्लेनला तो पडला. त्यानं २०१७ मध्ये वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या फ्रान्झ फॅननचा चेहरा छटांच्या गणितातून काढून मोठा करून टांगला. यंत्राला माणूस ओळखायला पुरेसा, पण माणसाला धूसर, भुतासारखा. यंत्र आपल्याकडे कसं पाहतं, ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

"आकडे कधी खोटं बोलत नाहीत ना?"

इथे मला जरा थांबायचंय, कारण या विषयाची दुखरी जागा हीच आहे.

गाल्टननं सुरुवातीला संयुक्त चित्रं केली ती कैद्यांची. गुन्हेगाराचा एक ठरावीक चेहरा असेल आणि तो मिसळण्यातून ठळक होईल, असं त्याला वाटत होतं. झालं उलटंच. जितके कैदी मिसळावेत, तितका चेहरा चारचौघांसारखा आणि भला दिसू लागला. हे त्यानं स्वतः नोंदवून ठेवलं. तरी चेहऱ्यावरून माणसाची जात, कुवत, स्वभाव मोजायचा नाद सुटला नाही. पुढे १८८३ मध्ये, 'चांगल्या' माणसांचीच वंशवाढ व्हावी असं मानणाऱ्या विचाराला त्यानंच 'युजेनिक्स' (सुप्रजननशास्त्र) हे नाव दिलं. त्या विचारानं विसाव्या शतकात काय केलं हे जगाला माहीत आहे.

आपल्याकडे हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्यानं नाकं मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. जितकं नाक रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा होता, आणि हाच माणूस १९०१च्या जनगणनेचा आयुक्त होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये तीच हत्यारं हातात घेतली. नाकाच्या मापांचे तक्ते समोर ठेवून त्यांनी दाखवलं की हे माप खरं धरायचं असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. माप चुकलं नव्हतं. मापातून माणसाकडे मारलेली उडी चुकली होती.

ही उडी का चुकते, हे नीट समजायचं तर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे जावं लागतं. कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं त्यांच्याकडे आली आणि १९२२ मध्ये त्यांनी त्यावर पहिला अभ्यास छापला. त्या वाटेवर पुढे १९३६ मध्ये महालनोबिस अंतर तयार झालं, ते आज जगभर वापरतात. चप्पल लाईनमधल्या दुकानदाराला ते न शिकता येतं. सहा फुटी माणसाला दहा नंबरची चप्पल लागली तर तो मान वर करून बघत नाही. पाच फुटी माणसाला दहा नंबर लागला तर बघतो. नंबर तोच, पण एका मापाचं दुसऱ्या मापाशी असलेलं नातं वेगळं. हे नातं आणि मापांचा पसारा दोन्ही धरून दोन गटांमधलं अंतर मोजायचं, हे महालनोबिसांनी शिकवलं.

त्यातला पसारा हा शब्द महत्त्वाचा. समजा, कागलच्या आणि पन्हाळ्याच्या मुलांच्या सरासरी उंचीत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. तो खराही असेल. पण समोर उभ्या असलेल्या मुलाची उंची पाहून त्याचा तालुका सांगून दाखवा बघू. नाही सांगता येणार, कारण दोन्हीकडे बुटकेही आहेत आणि उंचही. टँकरचं फॅट गावाबद्दल काहीतरी सांगतं, तुमच्या म्हशीबद्दल काहीही नाही.

"माझा एक फोटो त्यात गेला, तर काय बिघडलं?"

एका फोटोनं चित्र बदलत नाही, हे खरंच. १८०चे १६९ होतात. पण कुणाचे फोटो गेलेच नाहीत, यानं मात्र खूप बिघडतं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या बाजारात विकल्या जाणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. २०२० मध्ये धूसर फोटो स्पष्ट करणाऱ्या एका यंत्राला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर त्यातून गोरा माणूस बाहेर आला. यंत्राला कुणाचा द्वेष नव्हता. त्याचा साचाच तसा होता आणि जे कमी दिसलं ते त्यानं साच्याकडे ओढलं. सासूबाईंचं गोंदण गेलं तसंच.

संमतीचाही प्रश्न आहे. त्या ७०,००० फोटोंचा वापर करायची मुभा फोटो टाकणाऱ्यांनी दिली होती. फोटोतल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला, पण माणसानं स्वतःहून सगळ्यांसाठी खुली केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणून नातवंडांचे फोटो सर्वांना दिसतील असे टाकताना मी आता थांबते. आणि "मिसळल्यावर कोण ओळखणार?" हेही पूर्ण खरं नाही. २०२३ मध्ये संशोधकांनी एका प्रसिद्ध चित्र-यंत्रातून शिकवणीतले शंभराच्या आसपास फोटो जवळजवळ जसेच्या तसे बाहेर काढून दाखवले. शिकवणीत वारंवार आलेला फोटो यंत्राला पाठ होऊन बसतो.

त्या रात्री पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. पुतण्यानं सासूबाईंचा प्रश्न मनावर घेतला. त्यानं वाटे बदलले. निम्मा वाटा एकट्या आजीला, उरलेला निम्मा आम्हा दहा जणींत. हनुवटीवरचा आकडा १६९वरून १२०वर उतरला. पडद्यावरची बाई आता साठीकडे झुकली होती. गाल ओघळले होते, डोळ्यांखाली जाळी आली होती. आधीच्यासारखी देखणी ती राहिली नव्हती.

सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. पडद्यावर बोट टेकवून, हलक्या आवाजात त्यांनी ठिपके मोजले. एक, दोन, तीन.